रात्री दोनचा चहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत राजकीय अतिरेक आणि लोकशाही या विषयावर एका मानसोपचारतज्ज्ञांचा लेख आला होता. तो मी दोनदा वाचला. सकाळी चष्म्याशिवाय ठळक अक्षरांपुरता, आणि दुपारी जेवण झाल्यावर सगळा. लेख चांगला आहे. टोकाला जाणारा माणूस एकटा पडलेला असतो, चिडलेला असतो, आपला अपमान झालाय असे त्याला वाटत असते आणि मग कोणीतरी त्याला शत्रू बोटाने दाखवून देतो, हे सगळे पटले. लोकांपर्यंत खरी माहिती पोचवा, तरुणांना विचार करायला शिकवा, असा उपाय डॉक्टरांनी सांगितला आहे. त्यालाही माझी हरकत नाही. पण एक नोंद त्या लेखात राहून गेली आहे. मी आयुष्यभर हिशेब लिहिले, त्यामुळे राहिलेली नोंद डोळ्यांना खुपते. टोकाला जाण्यात सुख असते. हे मी कोणाकडून ऐकून सांगत नाही.

मी भिवंडीचा. वय ७३. छत्तीस वर्षे यंत्रमागाच्या कारखान्यांत हिशेब लिहिले. आमच्याकडे अशा माणसाला मेहताजी म्हणतात, मग त्याचे आडनाव काहीही असो. सुताच्या गोण्या किती आल्या, बीम किती उतरले, कोणत्या कारागिराने किती ताके विणले, कोणाची किती उचल झाली हे लिहायचे आणि पगाराच्या दिवशी नोटा मोजून द्यायच्या. कारखान्यात मागांचा खडखडाट इतका, की मेहताजीशी कोणी बोलत नाही, खुणा करतात. घरी आल्यावरही तासभर कान वाजत. आमची ही म्हणायची, तुम्हाला हाक मारली की तिसऱ्यांदा ऐकू येते. अशा माणसाला गल्लीत कोण विचारणार?

७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडी पेटली, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. वडिलांनी दाराला आतून कुलूप लावून किल्ली जानव्याला बांधली होती. त्यामुळे त्या दंगलीतल्या मला फक्त वासाच्या आठवणी आहेत. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली, तेव्हा मात्र वडील नव्हते आणि मी बत्तीस वर्षांचा होतो.

गल्लीत रात्रीची गस्त सुरू झाली. दहा ते दोन एक तुकडी, दोन ते पहाट दुसरी. काठ्या, नळाचे पाइप, एकाकडे शिट्टी. ज्या मंडळींनी मला कधी नाव घेऊन हाक मारली नव्हती, ती म्हणू लागली, मेहताजींना विचारा. कोणत्या रात्री कोण, वर्गणी कोणी दिली, बॅटरीचे सेल कितीचे आले, हे लिहायला कोणी तरी हवे होते. वही माझ्याकडे आली. रात्री दोनला बायका चहा करत. पितळी पातेल्यातला, आले घातलेला. सगळ्या घरांची साखर एकत्र झालेली. जिच्याशी पाण्याच्या बादलीवरून आमच्या हिचे सहा महिने बोलणे बंद होते, ती बाई माझ्या हातात कप देताना म्हणाली, “भाऊ, तुम्ही आहात म्हणून डोळा लागतो.”

संपादक महाराज, इतके चांगले मला त्याआधी कधी वाटले नव्हते. त्यानंतरही फारसे वाटलेले नाही. लग्नात नाही, मुलगा झाला तेव्हाही नाही. त्या दोन्ही वेळी मला खर्चाची काळजी होती. त्या रात्रींत काळजी नावालाही नव्हती. भीती होती, पण ती सगळ्यांची मिळून होती, आणि सगळ्यांची मिळून असलेली भीती थंडीतल्या शेकोटीसारखी असते. पलीकडच्या मोहल्ल्यातही बॅटऱ्या हलताना दिसत. त्या दिसल्या की अंगावर काटा यायचा, आणि तो काटाही हवाहवासा होता. नाशिककडून हायवेने ट्रक भरून माणसे येणार आहेत, अशी बातमी रोज संध्याकाळी यायची. ट्रक कधीच आले नाहीत. पण ‘आज नाही आले’ असे म्हणताना आमच्या आवाजात सुटकेइतकीच निराशाही असायची. हे तेव्हा कळले नव्हते, आता कळते.

चौथ्या की पाचव्या रात्री एकाने विचारले, “मेहताजी, पलीकडच्या रांगेत घरे कोणाकोणाची? तुम्हाला माहीत असेल ना.” विचारणारा आता हयात नाही, म्हणून त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. मला माहीत होते. त्या रांगेत माझे रोजचे जाणे-येणे होते, कित्येकांचे पगार मी माझ्या हाताने केले होते. मी वहीचे एक पान काढले आणि यादी केली. कोणी दटावले नव्हते, घाई नव्हती. पट्टीने तीन रकाने आखले. नाव, घरातली माणसे, दार कोणत्या बाजूला. सवयीने खाली बेरीजही केली. सातव्या ओळीत माझ्या शेठचे नाव होते.

शेठ कोकणी मुसलमान. त्यांच्या घरी बोलणे मराठीतच, आणि मराठी माझ्यापेक्षा बरे. खतावणीत मी ‘मजूरी’ लिहिले की ते रकान्यावर बोट ठेवून म्हणत, “मेहताजी, जु ऱ्हस्व.” त्या माणसाचे नाव, घरात माणसे नऊ, दार पूर्वेला, असे मी लिहिले. लिहिताना हात कापला नाही. अक्षर फार सुरेख आले होते एवढेच आठवते.

ती यादी कोणाच्या हाती गेली नाही. लष्कर आले, कर्फ्यू कडक झाला, गस्ती बंद पडल्या आणि कागद माझ्या सदऱ्याच्या खिशातच राहिला. शेठचे घर वाचले. त्यांचा दुसऱ्या भागातला एक कारखाना जळाला, मागांचे नुसते सांगाडे उरले. त्याचा माझ्या कागदाशी काही संबंध नव्हता. पहिल्या पगाराला शेठ म्हणाले, कर्फ्यूचे दिवस कोणाचेही कापू नका, तुमचेही. ती नोंद मी माझ्या हाताने केली.

हे इतके सविस्तर लिहिले, कारण आपल्या लेखातला अतिरेकी माणूस मला ओळखीचा वाटला नाही. तो कोणीतरी दुसराच आहे, आजारी आहे, अर्धशिक्षित आहे. मी बी.कॉम. आहे. माझ्या मनात पलीकडच्यांविषयी दंगलीआधी राग नव्हता, उलट त्यांच्यावर माझे पोट होते. राग नंतर आला, गस्त घालता घालता. आधी काठी हातात घेतली आणि मग ती कशासाठी घेतली याचे कारण मनाने शोधून दिले. डॉक्टरांना यासाठी त्यांच्या शास्त्रात शब्द असेलच. कोणी त्या वेळी मला ‘खरी माहिती’ दिली असती, तर मी तिचे काय केले असते? ट्रक येत नाहीयेत, हे पुराव्यानिशी सांगणाऱ्याला आम्ही पलीकडचा हस्तक ठरवला असता. कारण त्याने फक्त अफवा हिरावून घेतली नसती, रात्री दोनचा चहाही हिरावला असता.

पुढचा भाग भिवंडीबाहेर फारसा माहीत नाही, आणि भिवंडीतही विसरला गेला आहे. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले. तोवर आमच्याकडे शांतता समिती म्हणजे डॉक्टर, वकील, पुढारी आणि एक फोटोग्राफर. सणाच्या आधी बैठक, समोसे, निवेदन. खोपड्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या काढल्या आणि त्यांत पानवाला, रिक्षावाला, कारागीर, भाजीवाली अशी माणसे घेतली. दोन्हीकडची. आणि त्यांच्याबरोबर त्या बीटचा, म्हणजे पोलिसांच्या त्या हद्दीचा, हवालदार. साहेब येतील तेव्हा येतील, हवालदार मात्र कायमचा. आमच्या बीटचा हवालदार घरी आला आणि म्हणाला, मेहताजी, तुम्हाला यायचंय. मी का, असे विचारल्यावर म्हणाला, “चौऱ्याऐंशीला वही तुमच्याकडे होती ना?” माझ्या पोटात गोळा आला. त्याला यादीचे माहीत नव्हते, वर्गणीच्या वहीचे माहीत होते. पण मी त्या पहिल्या बैठकीला गेलो तो केवळ भीतीपोटी, हे खरे आहे.

बैठका भयंकर कंटाळवाण्या असत. नगरपालिकेच्या शाळेचा व्हरांडा, पोरांचे बाक, गुडघे छातीला लागायचे. विषय काय? गटार तुंबले. नळाला पाणी पहाटे साडेतीनला येते, ते पाचला सोडा. टेम्पो मशिदीच्या दारात उभा राहतो. गणपतीच्या मांडवाचा बांबू रस्त्यात येतो. भोंगा. पुन्हा गटार. मी मनातल्या मनात हिशेब करायचो, की इतक्या वेळात किती ताक्यांची मोजणी झाली असती. बंधुभाव, एकात्मता हे शब्द आमच्या बैठकीत मी ऐकल्याचे आठवत नाही. गटाराला धर्म नसतो असले वाक्यही कोणी बोलले नाही. ते ज्याच्या दारात तुंबायचे तो ओरडायचा, आणि ज्याच्या दारात तुंबत नसे तो म्हणायचा, आधी माझ्या नळाचे बघा.

माझ्या बाकावर एक जॉबर बसायचा. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. मूळचा आझमगढकडचा, जन्म गेला भिवंडीत. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला चाचा म्हणायचो. सहासात महिने आम्ही पाण्याच्या वेळेखेरीज काही बोललो नसू. एकदा बैठक लांबली, वीज गेली, आणि अंधारात चाचाने विचारले,

“मेहताजी, चौरासी में आपके यहाँ भी रात को चाय बनती थी क्या?”

“दो बजे.”

“हमारे यहाँ भी दो बजे.” थोडा वेळ थांबून म्हणाला, “और वो ट्रक? आपके यहाँ भी आने वाले थे?”

त्यांचे ट्रक कल्याणकडून येणार होते, आमचे नाशिककडून. आमच्या बॅटऱ्या हलायला लागल्या की ते म्हणत, बघा, तयारी चालली आहे, आणि आपल्या बॅटऱ्या लावत. त्या बघून आम्ही आणखी दोन सेल आणत असू. त्या सेलांचा खर्च माझ्या वहीत होता. आम्ही इतके हसलो, की हवालदाराने काडी पेटवून काय झाले ते पाहिले. मग वीज आली आणि दोघेही एकदम गप्प झालो. चाचाने त्यांच्याकडच्या यादीचे काही सांगितले नाही. मीही सांगितले नाही. त्यांच्याकडे कदाचित मेहताजी नसेल.

६ डिसेंबर १९९२ रविवार होता. संध्याकाळपर्यंत अयोध्येची बातमी सगळ्यांना कळली. मुंबईत पुढच्या दोन महिन्यांत, दोन टप्प्यांत, काय झाले ते श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. ९०० माणसे मेली. भिवंडीचे नाव तर तोवर दंगलीला समानार्थी झालेले. सगळे आमच्याकडे बघत होते आणि आम्हीही आमच्याकडेच बघत होतो. रात्री नऊला मी आणि चाचा नाक्यावर जाऊन उभे राहिलो. हवालदार होता, आणखी पाचसहा जण होते. माझ्या हातात काठी नव्हती, काय करावे कळेना, म्हणून मी छत्री नेली होती. डिसेंबरात.

आम्ही त्या रात्री एकच काम केले, जाऊन बघून यायचे. कोणी धावत येऊन सांगितले की अमक्या देवळावर दगड पडले, की चाचा आणि मी चालत तिथे जायचो, पुजाऱ्याला उठवायचो, देऊळ बघायचो आणि परत येऊन सांगायचो. मशिदीत कोणी काही टाकले म्हटले, की तसेच तिकडे. पहाटेपर्यंत चार वेळा गेलो. तीन वेळा काही नव्हते. चौथ्या वेळी एका दुकानाची काच खरेच फुटली होती. तेही येऊन जसे होते तसे सांगितले, दुकान कोणाचे ते सांगितले आणि हवालदाराने लिहून घेतले. पोरे चिडवत होती, “मेहताजी, घरी जा, थंडी बाधेल.” पण आमचे म्हणणे त्यांनी ऐकले. मी काही थोर माणूस नाही. पण त्यांच्या नळाची वेळ साडेतीनवरून पाचवर आणायला मी चार अर्ज लिहिले होते आणि ते त्यांच्या आयांना माहीत होते.

भिवंडी त्या हिवाळ्यात जळाली नाही. सगळे श्रेय समित्यांना देणे बरोबर नाही. पोलीस कडक होते, ज्यांना आधी उचलायला हवे त्यांना आधी उचलले होते, आणि चौऱ्याऐंशीत दोन्हीकडच्या मालकांचे हात इतके पोळले होते की पुन्हा माग जाळून घ्यायची कोणाची तयारी नव्हती. हे सगळे मिळून झाले. पण मुंबईतही पोलीस होते आणि मालकही होते.

पुढे साहेब बदलले. बैठका तिमाही झाल्या, मग सणापुरत्या, मग कागदावर. फोटोग्राफर परत आला. ५ जुलै २००६ ला कबरस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तंटा होऊन गोळीबार झाला, त्यात दोघे गेले, आणि रात्री जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. १९९२ च्या हिवाळ्यात आमच्याबरोबर रात्र रात्र उभे राहिले ते पोलीसच, आणि चौदा वर्षांनी त्याच गावात मारले गेले तेही पोलीसच. त्या दोन शिपायांची गावात कोणाशी गटारावरून, नळावरून ओळख असेल का, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

माझी नात मानसशास्त्र शिकते. आपला लेख मी तिला वाचायला दिला, आणि तिने मला हेन्री ताज्फेल या माणसाबद्दल सांगितले. पोलंडचा ज्यू. फ्रेंच सैन्यात होता, जर्मनांच्या कैदेत पडला म्हणून वाचला. घरची माणसे वाचली नाहीत. त्याने पुढे इंग्लंडात ब्रिस्टलला शाळेतल्या मुलांवर प्रयोग केले. कोणते चित्र आवडले, एवढ्या क्षुल्लक कारणावरून मुलांचे दोन गट पाडले. खरे तर तेही नाही, मुले कशीही वाटून दिली होती. मग प्रत्येकाला पैसे वाटायला सांगितले, स्वतःला नाही, दोन्ही गटांतल्या दुसऱ्या मुलांना. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, यात नवल नाही. नवल पुढे आहे. आपल्या गटाला जास्तीत जास्त मिळेल असा पर्याय समोर असतानाही कित्येकांनी असा पर्याय घेतला, की आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण त्यांच्यात आणि आपल्यात अंतर मोठे राहावे.

मी तिला तीनदा विचारले, कमी घेतले? ती म्हणाली, हो आजोबा, कमी. छत्तीस वर्षे हिशेब लिहून मला जे कळले नव्हते, ते त्या वाक्यात कळले. चौऱ्याऐंशीत कापड जळाले, सूत जळाले, कारागीर गावी पळाले, महिनोन् महिने माग बंद राहिले, गल्लीतल्या निम्म्या घरांचे उत्पन्न बुडाले. आणि तरी लोक नाक्यावर म्हणत होते, “आपले गेले, पण त्यांचे जास्त गेले.” मला वाटायचे हे मूर्ख आहेत, यांना तोटा कळत नाही. त्यांना तो नीट कळत होता. ते दुसऱ्याच खात्यावर जमा धरत होते. आज निवडणुकीच्या सभांत टाळ्या कशाला पडतात ते ऐका. आम्हाला काय देणार या वाक्याला पडतात, की त्यांना कसा धडा शिकवणार या वाक्याला?

नातीने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती माझ्या विरुद्ध जाते, म्हणून लिहिलीच पाहिजे. मी तिला म्हटले होते, माणसे बैठकांना जायला लागली, मंडळांत बसायला लागली की डोकी थंड होतात. ती म्हणाली, जर्मनीत उलटे झाले. नाझी पक्षाला १९२८ च्या निवडणुकीत २.६ टक्के मते होती, जुलै १९३२ मध्ये ३७.३. मधल्या काळात मंदी आली, बेकारी वाढली, हे आपण वाचलेले असते. पण अलीकडे काही अभ्यासकांनी तिथल्या २२९ शहरांतल्या मंडळांची मोजदाद केली. गायनमंडळे, व्यायामाची मंडळे, बोलिंगचे क्लब. जिथे दरडोई मंडळे जास्त, तिथे लोक नाझी पक्षात जास्त भराभर दाखल झाले. ओळखीतून ओळख, मित्राबरोबर मित्र.

हे ऐकून मी दिवसभर नाराज होतो. मग लक्षात आले, की आमची गस्तही मंडळच होते की. वर्गणी होती, वही होती, चहा होता. त्या वेळच्या जर्मनीत कामगारांची गायनमंडळे वेगळी आणि मध्यमवर्गाची वेगळी होती म्हणे. प्रत्येकजण आपल्यासारख्यांच्याच शेजारी बसून गात होता. म्हणजे माणसे एकत्र बसतात का, एवढे विचारून भागत नाही. बाकावर शेजारी कोण आहे, आणि त्याच्याशी भांडण करून पुन्हा पुढच्या महिन्यात त्याच बाकावर बसावे लागते का, ते पाहावे लागते. २३ मार्च १९३३ ला जर्मनीच्या संसदेने कायदे करण्याचा आपला अधिकार हिटलरच्या सरकारच्या हवाली केला, ४४४ विरुद्ध ९४ मतांनी. विरोधातले कम्युनिस्ट सदस्य तोवर तुरुंगात किंवा परागंदा होते. कामकाजाची नोंद व्यवस्थित ठेवलेली आहे, मतांची बेरीज केलेली आहे. ती बेरीज ऐकताना मला माझे तीन रकाने आठवले.

आता आजचे. मी तीन व्हॉट्सॲप गटांत आहे. इमारतीचा, ज्ञातीचा आणि शाळासोबत्यांचा. ज्ञातीच्या गटात मागच्या वर्षी एक व्हिडिओ आला. कुठल्याशा लांबच्या राज्यातला, जमाव कोणाला तरी मारतोय, खाली मजकूर. मी तो दोन शब्द जोडून पुढे पाठवला. पाच मिनिटांत चौदा अंगठे. एकाने लिहिले, मेहताजी, तुम्ही आहात म्हणून खरी बातमी कळते. आणि संपादक महाराज, मला अंगात तीच ऊब आली. एकेचाळीस वर्षांनी, पंख्याखाली बसून, रात्री दोनच्या चहाची चव. नातीने दुसऱ्या दिवशी दाखवले, व्हिडिओ जुना होता आणि आपल्या देशातलाही नव्हता. मी तो काढून टाकला. अंगठे मात्र कोणी परत घेतले नाहीत.

१९९२ ला अफवा शेजारच्या गल्लीतून यायची. पायांत चपला घालून जाऊन बघता येत होते. आता ती हजार मैलांवरून येते. मी आणि चाचा कुठे चालत जाणार? चाचा करोनाच्या पहिल्या लाटेत गेला. मातीलाही जाता आले नाही.

आणि जिथे जाऊन बसता यायचे, ते बाकही गेले. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, हे तिच्यात लिहिलेले आहे. भिवंडीची वस्ती त्याच्या दुपटीहून जास्त. प्रभाग समितीची बैठक कधी, कुठे असते आणि आम्हाला तिथे बसता येते का, हे गल्लीतल्या दहा जणांना विचारून बघितले. सातांनी विचारले, ती काय असते? त्यात २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक महापालिका वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. नगरसेवक वाईट असेल, तो मलाही अनेकदा वाईट भेटला, पण त्याच्या दारात दोन्हीकडची माणसे एकाच रांगेत उभी राहून एकाच गटाराबद्दल शिव्या देत. ती रांग मोडली. लोकशाहीवर संकट म्हटले की टीव्हीवर दिल्ली दाखवतात. मला ती रांग दिसते. नळावरून भांडायची सोय गेली, आता भांडायला फक्त इतिहास आणि धर्म उरले आहेत, आणि त्यांत पाणी कधी येणार हे कोणाला सांगावे लागत नाही.

म्हणून डॉक्टरांना माझा निरोप असा, की तुमच्या पुढच्या लेखात सुखाचा रकाना घाला. माणूस टोकावर का जातो हे लिहिताना त्याला तिथे काय मिळते तेही लिहा. कोण त्याला नावाने हाक मारते, कोण चहा देते, लिहा. आणि उपाय सुचवताना तेवढ्याच गोडीचे काही सुचवता येत नसेल, तर तसे स्पष्ट लिहा. आमच्या बैठका गोड नव्हत्या. त्यांना मी भीतीने गेलो, मग नळासाठी गेलो, आणि शेवटी चाचा बाकावर जागा धरून ठेवायचा म्हणून गेलो. याचे शास्त्र काय ते मला ठाऊक नाही.

एक विनंती. पत्र छापले तर माझे नाव छापू नये, आडनावही नको. गल्लीचे भय नाही. गस्तीतले आता आम्ही तिघेच उरलो आहोत. शेठ जाऊन बरीच वर्षे झाली, माग भंगारात गेले. त्यांना मी यादीचे कधीच सांगितले नाही. पण त्यांच्या नातवाकडे तुमचाच पेपर येतो. शेठसारखाच तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की मला फोन करतो.

आपला,
एक निवृत्त मेहताजी
भिवंडी